चौथी डिस्क कुणाची?

"साहेब, या मशीनमधली डिस्क मला विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही!" दुर्बीणराव म्हणाले.

हे नाव त्यांना ऑफिसनं ठेवलेलं. खुर्ची जरा सरकलेली दिसली की "इथे कोण बसलं होतं?" असं विचारणारा माणूस. त्या संध्याकाळी मशीन-रूमचा चार्ज कुणाला द्यायचा ते साहेब ठरवणार होते. एक तर दुर्बीणरावांना, नाहीतर टेस्टरताईंना. म्हणून रावांनी खास प्रोग्रॅम लिहिला होता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार पोटात, कर्नलमध्ये शिरायचं आणि थेट नंबर घेऊन विचारायचं, डिस्क आहे का?

"एक?" आहे. "दोन?" आहे. "तीन?" आहे. मशीनमध्ये तीनच डिस्क होत्या. इथे थांबायला हरकत नव्हती. पण थांबतील तर ते दुर्बीणराव कसले!

"चार?"

आहे. कंपनीचं नाव कोरं. जागा शून्य.

"शून्य म्हणजे?" साहेबांनी आवाज खाली आणला.

"रिकामी, साहेब. आपला डेटा भरून न्यायला कुणीतरी आणून ठेवलीय."

मशीन खोललं. आत तीनच. रावांनी "पाच?" विचारलं. तीही होती.

"टोळी आहे, साहेब!"

ऑफिसच्या दाराला आतून कुलूप लागलं. सगळ्यांच्या बॅगा टेबलावर उपड्या झाल्या. हिशेबनीसांच्या बॅगेतून कॅन्टीनचे हरवलेले चमचे निघाले.

"मी ते धुवायला नेत होतो," हिशेबनीस म्हणाले.

"सगळेच्या सगळे?"

साहेबांनी स्वतःची बॅग काही उघडली नाही. मग सगळे साहेबांकडेही तिरके बघायला लागले. रावांनी घाईघाईनं "सहा?" विचारलं. आहे.

"अहो दुर्बीणराव," टेस्टरताई म्हणाल्या, "दाराला कुलूप, बॅगा रिकाम्या. मग ही सहावी आली कुठून? भिंतीतून?"

"तेच तर शोधतोय!"

"ते राहू द्या. नंबर विचारू नका. मशीन बंद करून चालू करा आणि आहेत त्यांची नुसती यादी मागा."

रावांनी तसं केलं. यादीत तीनच डिस्क आल्या. त्यांनी "चार?" विचारलं आणि पुन्हा यादी मागितली. आता चार! रावांचे कान तापले. त्यांचा कर्नल जुन्या वळणाचा होता. कुणी एखादा नंबर विचारला, की ती डिस्क येतच असणार असं धरून तिच्या नावाची रिकामी जागा मांडून ठेवायचा. चोर कुणी नव्हताच. विचारलं की एक वाढत होती.

त्यांनी हे साहेबांच्या कानात सांगितलं.

"तुम्ही विचारलं म्हणून झाली? काहीतरीच काय! सरका, मी बघतो." साहेब कीबोर्डवर बसले. "शंभर?" आहे. "हजार?" आहे. साहेबांचे डोळे बारीक झाले. "पुढच्या सगळ्याच विचारतो. लाखापर्यंत!"

"साहेब, नको. लाखभर जागा मांडता मांडता मशीन बसेल," टेस्टरताई म्हणाल्या.

साहेब हळूच वळले. "ताई, मी विचारायला तुमची का हो हरकत?"

"अहो, माझी कसली हरकत..."

"राव, चार्ज तुमचा. आणि ह्यांच्यावर जरा नजर ठेवा." साहेबांनी किल्ली रावांच्या हातात दिली आणि एंटर दाबलं.

मशीन बसलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.