रोमचा राजा वर्गाबाहेर

इतिहास शिकवावा तर आम्हीच! असं मी म्हणणार नव्हतो. पण दुसरं कोणी म्हणेना, मग करायचं काय?

मागच्या चाचणीत "रोमची राज्यव्यवस्था कशी बदलत गेली?" या प्रश्नाला माझ्या अख्ख्या वर्गाने एकमुखाने उत्तर लिहिलं, "हळूहळू." मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून शांतपणे सांगितलं, "सर, या खेपेलाही पोरांना समजलं नाही, तर तो धडा मीच घेईन."

धडा हातचा जाणार! मी ठरवलं, आता शिकवायचं नाही, करूनच दाखवायचं. पलंगावरची चादर खांद्यावर टाकली. बायको म्हणाली, "राजा व्हा नाहीतर धोबी, चादर मळवू नका!"

वर्गात शिरताच मी गरजलो, "मी रोमचा राजा! माझा शब्द हाच कायदा! आज मधली सुट्टी रद्द!"

वर्गाची तोंडं कारलं खाल्ल्यासारखी झाली.

"आता सांगा, रोमच्या लोकांनी पुढे काय केलं?"

"राजाला हाकललं!" वकिलीणबाई ताडकन उठली. ही दोन वेण्यांची पोरगी घंटेशीसुद्धा वाद घालते.

"शाब्बास! मग हाकला की!"

तोंडातून शब्द निघायचा अवकाश, मी चादरीसकट व्हरांड्यात! आतून कडी!

पण मी खूश होतो. खिडकीतून म्हणालो, "छान! आता राजाच्या जागी दोन कॉन्सल निवडा. दोघांचा अधिकार सारखा."

वर्गाने निवडले गोट्या आणि चष्मिस. दोघांची कट्टी चालू होती.

"आता दार उघडा."

"उघडतो," गोट्या म्हणाला.

"मी अडवतो!" चष्मिस म्हणाला.

एका कॉन्सलला दुसऱ्याचा निर्णय अडवता येतो, हे मीच शिकवलं होतं. पुढच्या बाकांवरची पोरं सिनेट, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांची सभा, झाली आणि त्यांनी चर्चा सुरू केली. ती संपत आली, तेवढ्यात लोकांची प्रतिनिधी म्हणून निवडून आलेली वकिलीणबाई ओरडली, "व्हेटो! मधली सुट्टी परत मिळेपर्यंत सगळं बंद!"

"अगं, दिली सुट्टी!"

"तुम्ही कोण देणार? तुम्ही आता राजा नाही!"

एवढ्यात मोठ्या बाई आल्या. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सर, कोणी बाहेर काढलं?"

"प्रजासत्ताकाने."

बाईंनी दार ठोठावलं. "बाई, तुम्हाला अधिकार नाही," आतून अतिशय नम्र आवाज आला.

मी घाईघाईने ओरडलो, "अरे, संकटकाळी हुकूमशहा नेमता येतो! सहा महिन्यांपुरता! बाईंना नेमा!"

ठराव मंजूर! दार उघडलं, बाई आत गेल्या. मीही पाय उचलला, तर वकिलीणबाई आडवी आली. "हाकललेला राजा परत येत नाही, सर!"

पुन्हा कडी.

मला वाटलं, आता बाई सगळ्यांना फैलावर घेणार. पण त्या रागावल्याच नाहीत. म्हणाल्या, "कॉन्सल राहू देत. सिनेटही राहू दे. वकिलीणबाई, तू दमलीस, व्हेटो तेवढा माझ्याकडे दे. मी कोणी राणी नाही बरं का! तुमच्यातलीच एक, फक्त पहिली." आणि त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

"प्रजासत्ताक गेलं का रे?"

"नाही, बाई!"

"मग मधली सुट्टी द्यायची की नाही, हे कोण ठरवणार?"

गोट्याने बाईंकडे पाहिलं. चष्मिसनेही. मग सगळ्या सिनेटने.

"अय्या!" वकिलीणबाईने कपाळावर हात मारला. "नावं तीच राहिली आणि सत्ता गेली!"

"रोममध्ये हेच झालं. तिथे ऑगस्टसने केलं," बाई म्हणाल्या. पोरांना समजलं होतं! आणि प्रामाणिकपणे सांगतो, मलाही ऑगस्टस त्या दिवशीच समजला.

मग सभेत माझा प्रश्न निघाला. मला आत घ्यावं, असं एकमताने ठरलं. पण शेवटच्या बाकावर.

मी चादर आवरून बसलो. बाईंनी खडू उचलला. शेजारचा पोरगा माझ्याकडे सरकला आणि काळजीने कुजबुजला, "सर, गृहपाठ केलाय ना? बाई तपासतात."

नव्हता केला.