केतोच्या सिमकार्डाची अर्ध्या तासात सोय

"अर्ध्या तासाचं काम," मी केतोला म्हणाले होते. आमच्या जर्मनीत कुठलंही काम अर्ध्या तासात होतं, फक्त तो अर्धा तास कुठल्या महिन्यात उगवेल ते आधी सांगता येत नाही. हे मला तेव्हा आठवलं नाही. तेव्हा मी भलत्याच जोरात होते.

मी गावच्या शाळेचं कार्यालय सांभाळते. किती मुख्याध्यापक आले नि गेले, मी आहे. सासूबाईंचं कानाचं यंत्र विमावाल्यांनी दोनदा नाकारलं होतं, ते मी मंजूर करून आणलं, वर त्यांच्याकडून माफीही मागून घेतली. अशा बाईपुढे सिमकार्ड म्हणजे काय? नखाएवढा तुकडा!

केतो म्हणजे केतेवान. जॉर्जियातल्या कुताइसीची. जनावरांची डॉक्टर व्हायला आली आणि आमच्या वरच्या खोलीत राहू लागली. मला ती 'देइदा' म्हणते, त्यांच्याकडे मावशीला तसं म्हणतात. मला कुणी मावशी म्हटलं की मी त्याच्यासाठी वाट्टेल ते करायला निघते, आणि गोत्यात येतं ते बिचारं माणूस.

तिला सहा आठवडे एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली गोठ्यातलं काम शिकायचं होतं. त्याशिवाय विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही. सगळीकडून नकार आले होते. उरली होती एकटी डॉक्टर इमके त्यार्क्स. ही बाई पत्रं वाचत नाही आणि परदेशी नंबर लावत नाही. तिचा निरोप आला: "बुधवारी संध्याकाळी सहाला फोन करीन. एरवी माझा हात गायीच्या पोटात असतो. उचलला नाही तर पुढच्या मुलीला लावीन."

"देइदा, तुमचा नंबर देऊ?" केतोने विचारलं.

"मी काय तुझी सेक्रेटरी आहे? डॉक्टर होणाऱ्या मुलीचा स्वतःचा नंबर नको?"

मंगळवारी सुपरमार्केटात गल्ल्याजवळ, च्युइंगगमच्या वर टांगलेलं एक कार्ड आम्ही घेतलं. पाकिटावर नंबर छापलेला होताच. तो मी तिला उभ्या उभ्या डॉक्टरीणबाईंना कळवायला लावला. कार्ड चालू करणं काय, नुसता उपचार.

"आमच्याकडे टपरीवर पासपोर्ट दाखवतात," केतो म्हणाली. "कॉफी निवायच्या आत नंबर चालू."

"ते तुमच्याकडे. आमच्याकडे सुरक्षितता असते."

सुरक्षितता अशी, की कंपनीचा माणूस व्हिडिओवरून तुमचं तोंड आणि तुमचा पासपोर्ट ताडून बघतो. दोन्ही एकाच माणसाचे आहेत अशी खात्री पटली तर नंबर देतो. बुधवारी दुपारी मी शाळेतून लवकर निघाले, कोबीचे रोल गरम करत ठेवले आणि जाहीर केलं, "आधी नंबर, मग जेवण."

पहिल्या बाईला उजेड कमी पडला. मी नवऱ्याच्या कामाच्या खोलीतला मोठा दिवा आणला. दुसऱ्या बाईला उजेड जास्त झाला, पासपोर्टवरची चमकणारी खूण दिसेना.

"वाकवा. जास्त नको. आता दुसऱ्या बाजूला. तुम्ही नाही हो, पासपोर्ट वाकवा."

प्रत्येक वेळी फोन तुटायचा, संगीत वाजायचं आणि नवीन माणूस 'तुमचं नाव काय' इथपासून सुरुवात करायचा. केतोचा हात भरून आला, म्हणून तिसऱ्या वेळी पासपोर्ट मी धरला.

"हा हात कुणाचा?" तिकडून प्रश्न आला.

"देइदाचा," केतो म्हणाली.

"खोलीत दुसरं कुणी चालत नाही." फोन बंद.

नियम म्हणजे नियम. मी खोलीबाहेर गेले. दार मात्र बोटभर उघडं ठेवलं. पोरगी घाबरली तर निदान दोन शब्द पुरवावेत, एवढाच हेतू.

चौथ्या वेळी एक मऊ आवाजाचा तरुण आला. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं नीट चाललं होतं. एवढंच, की दर उत्तराआधी केतो दाराकडे बघायची आणि मी तिकडून मान हलवायचे.

"तुम्ही तिकडे का बघताय?" त्याने विचारलं.

"दारामागे देइदा आहे."

"तुमच्या नात्यातल्या आहेत?"

"नाही. मी त्यांच्या घरात राहते."

मग तो एकेक शब्द तोलून विचारू लागला. "हा नंबर तुम्ही स्वतःच्या इच्छेने घेताय? की कुणी त्या बदल्यात काम देतो, घर देतो असं सांगितलंय?"

आता ही पोरगी म्हणजे प्रामाणिकपणाचा पुतळा. "नंबर चालू झाला तरच काम मिळणार," ती म्हणाली. "घर देइदाने दिलंय."

"आणि तुमचा पासपोर्ट कुठे असतो?"

"देइदाकडे. स्वयंपाकघरातल्या खणात." हरवू नये म्हणून मीच ठेवला होता हो!

"तुम्ही जेवलात का आज?"

"नंबर चालू झाल्यावर मिळणार."

मी दारामागून खाणाखुणा करत होते, नाही म्हण, नाही म्हण. केतोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"माहीत नाही. देइदा सांगतेय."

त्याने आवाज आणखी खाली आणला. "तुम्हाला मदत हवी आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हणा."

पासपोर्ट वाकवून वाकवून मनगट दुखत होतं तिचं. "हो," ती कळवळून म्हणाली. "फार मदत हवी आहे. दुपारपासून सुटका नाही."

फोन बंद. मला वाटलं, झालं काम. मी कोबीचे रोल वाढायला घेतले.

सहाला थोडा अवकाश असताना दाराची घंटा वाजली. बाहेर दोन पोलीस उभे. एक अनोळखी बाई आणि दुसरा आमच्या शाळेत शिकलेला येंड्रिक. त्याच्या गळक्या नाकाला रुमाल मी दिलेत.

"अरे, तू? ये की. रोल खाणार?"

"फ्राउ बेनकेन, आज कृपया 'तुम्ही' म्हणा," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "इथे एका मुलीला उपाशी ठेवून कागदपत्रं काढून घेतल्याची तक्रार आहे."

माझा नवरा लोटार आयुष्यात कधी मध्ये बोलत नाही. नेमका तेव्हाच बोलला. "मलाही दुपारपासून काही मिळालेलं नाही."

पोलीसबाईने केतोला बाजूला नेलं. तिने पासपोर्ट बघितला, केतोचं तोंड बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला.

"खूप चांगल्या आहेत त्या," मला केतोचं बोलणं ऐकू येत होतं. "फक्त थांबत नाहीत."

"येंड्रिक, तुम्ही," मी म्हटलं, "तुम्ही दोघांनी पासपोर्ट पाहिलात ना? ती तीच आहे ना? मग त्या कंपनीला एवढं कळवा."

"ते आमच्या अधिकारात येत नाही. ओळख व्हिडिओवरच पटवावी लागते."

दोन गणवेशातली माणसं, खरा पासपोर्ट, खरी मुलगी, सगळं एका टेबलाभोवती. आणि मधोमध ते कार्ड, मेलेल्या माशीसारखं. घड्याळात सहा वाजले. केतो त्या मुक्या फोनकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं.

"मी माझ्या फोनवरून डॉक्टरांना लावते," मी उठले.

"तुम्ही नाही," पोलीसबाई म्हणाली. "तक्रार तुमच्यावर आहे. येंड्रिक, तू लाव."

इमकेबाईंचा नंबर चौकीत सगळ्यांना पाठ असतो, रस्त्यावर गाय आली की त्यांनाच बोलावतात. येंड्रिकने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"पोलीस बोलतोय. केतेवान नावाची मुलगी आमच्या ताब्यात... म्हणजे, समोर आहे."

केतोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी तिलाच लावतेय, लागत नाही," पलीकडून आवाज आला. मागे एक गाय हंबरली. "काय केलं तिने?"

"तिने काही नाही. तिच्यावर घरमालकिणीचा दबाव असल्याची तक्रार आहे."

"कोण घरमालकीण?"

"फ्राउ बेनकेन."

"रोसविथा? शाळेतली? एक सही राहिली म्हणून माझ्या धाकट्याच्या दाखल्यासाठी मला तीन हेलपाटे घालायला लावले, ती?"

येंड्रिकने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायला त्याला मी कधी शिकवलं नव्हतं. "तीच," तो म्हणाला.

"त्या पोरीला आत्ताच्या आत्ता इकडे आणून सोडा. काम तिलाच. गोठ्यावर खोली रिकामी आहे, तिथेच राहील. बिचारी."

पोलिसांच्याच गाडीतून गेली केतो. जाताना तिने मला घट्ट मिठी मारली. पोलीसबाईने ते जरा संशयानेच पाहिलं. मी डब्यात कोबीचे रोल दिले. शेजारच्या तिन्ही घरांचे पडदे हलले.

दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला. नवाच नंबर.

"देइदा, चालू झाला! पहिल्याच फटक्यात."

"पासपोर्ट नीट वाकवलास ना? उजेड कुठून होता? खोलीत कुणी नव्हतं ना?"

"एक गाय होती. माझ्या खांद्यावर मान टाकून."

"आणि त्याने चालवून घेतलं?"

"त्याने विचारलं, ही कोण," केतो म्हणाली. "मी म्हटलं, राहू द्या, ही मध्ये बोलत नाही."