गारोळ्यांचं सामायिक कॅलेंडर

उद्धवराव गारोळे कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ते विचारत, “तुमचं काय पेंडिंग हाय?” आमच्या आवक-जावक कारकुनाला, पठाणभाईंना, नातू झाला तेव्हा ते पेढे घेऊन गारोळ्यांच्या टेबलाशी गेले. गारोळ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “जन्माच्या नोंदणीची शेवटची तारीख बघितली का?”

हिंगोलीतल्या एका सरकारी कार्यालयात आम्ही तिघं एकाच खोलीत बसायचो. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, माझी नोकरी अजून शिल्लक आहे. जिल्हा नुकताच झालेला, टेबलं नवी, पंखे नवे. अहवाल मात्र जुनेच. पेरणीचा, पावसाचा, हळदीच्या लागवडीचा, आणि हे तिन्ही वेळेवर पाठवले की नाही याचा चौथा. ते वाचत कोण होतं, देव जाणे. पण आपला तक्ता एक दिवस उशिरा पोचला तर मुंबईत कुणीतरी मोठा माणूस त्या दिवशी जेवत नाही, अशी गारोळ्यांची पक्की समजूत होती.

कार्यालयात कॉम्प्युटर आला आणि गारोळ्यांना एक्सेल सापडलं. पन्नाशीच्या माणसाला असं काही सापडणं धोक्याचंच. त्यांनी सगळ्या अहवालांच्या, बैठकांच्या तारखा एका तक्त्यात भरल्या. उशीर झाला की ओळ लाल. सकाळी मी चप्पल काढत असतानाच आवाज यायचा, “तुमी लाल होऊन राहिले बरं का!”

इंटरनेट आलं तेव्हा त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर, ज्याच्या त्याच्या पडद्यावर दिसणारं. ‘सामायिक’ हा शब्द ते असा उच्चारत, जणू शासनानं तो त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता. भिंतीवरचं एकादशी-चतुर्थीचं कॅलेंडर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढलं. आमच्या डायऱ्या बंद केल्या.

“एका कार्यालयाला दोन तारखा नकोत,” ते म्हणाले.

“काहून? एखादी चुकली तर दुसरी कामाला येईल की,” मी म्हणालो.

“चुकंल कशी? मशीन हाय ते. माणूस थोडंच हाय!”

मी संगणकाचा कोर्स केलेला होता, म्हणून तक्ता कॅलेंडरात चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी बटण दाबलं. मिनिटभरात सगळ्या तारखा रंगीत चौकटींत जाऊन बसल्या. गारोळे खुर्चीमागे उभे होते. चष्मा पुसत म्हणाले, “आता मी मेलो तरी कार्यालय चालंल.”

कार्यालय चाललं, पण भलतीकडे.

आठ जुलैच्या चौकटीत विभागाची आढावा बैठक दिसत होती. सकाळीच सगळ्या तालुक्यांचे लोक फायली घेऊन हजर. डोंगरकड्याचे एक सहायक तर नवा सदरा घालून आलेले. शंभर बश्या पोहे आले. साडेअकरा झाले, दीड झाला, विभागाचे साहेब काही आले नाहीत. शेवटी सगळ्यांनी पोहे खाल्ले, एकमेकांचा आढावा घेतला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर रिकामं होतं. आमचे साहेब सासरच्या मंडळींना सिद्धेश्वरचं धरण दाखवायला गेले. गारोळे स्वतः दाढदुखीनं रजेवर. अकरा वाजता अंबर दिव्याची गाडी फाटकात शिरली आणि विभागाचे साहेब उतरले. स्वागताला पठाणभाई आणि मी.

“बाकीचे कुठे आहेत?”

पठाणभाईंनी खरं तेच सांगितलं, “साहेब, सगळे कल आये थे.”

नंतर घोळ उलगडला. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. त्या परदेशी कॅलेंडरानं आधी महिना वाचला. सात ऑगस्टची बैठक आठ जुलैला येऊन बसली होती, आणि नऊ जुलैची खरी बैठक सात सप्टेंबरला जाऊन बसली होती. त्या बैठकीचं पत्रही आलं होतं. पण तारीख कॅलेंडरात आहे म्हटल्यावर गारोळ्यांनी ते फाइलला लावून टाकलं होतं.

बटण मी दाबलं होतं. नोटीस गारोळ्यांना आली, सात दिवसांत खुलासा करा म्हणून. मी गप्प बसलो. त्यांनीही माझं नाव कुठं घेतलं नाही. खुलासा त्यांनी चौथ्याच दिवशी दिला, आणि मुदतीच्या तीन दिवस आधी दिला हे साहेबांना दोनदा ऐकवलं. आम्ही आठवडाभर हसत होतो. पठाणभाई त्यांना येता-जाता विचारायचे, “गारोळेसाब, आज जुलै चालू हाय ना?”

तारखा दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच आलं. एकेक चौकट उघडत होतो. उघडता उघडता रविवारची चौकट आली. सरकारी माणूस कॅलेंडरात रविवारकडे बघत नाही, म्हणून कुणालाच ते आजवर दिसलं नव्हतं. प्रत्येक रविवारी अकरा वाजता गारोळ्यांनी स्वतः टाईप केलेली एक नोंद होती.

‘मीराला फोन. विषय : १) पाऊस. २) जावईबापूंची तब्येत. ३) नाशिकात पाणी येते का. शेरा : दोन मिनिटे. विषय दोनपर्यंत.’

पुढच्या रविवारी : ‘शेरा : कामात होती. नंतर करते म्हणाली.’

त्याच्या पुढच्या : ‘शेरा : पाऊस हा विषय दोन वेळा झाला.’

आपल्या नावाखाली लिहिलेलं फक्त आपल्यालाच दिसतं, असं त्यांना वाटत असावं. पठाणभाई माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी त्यांच्या हसण्याची वाट बघितली. ते हळूच म्हणाले, “भाभी असताना लेकीला फोन भाभीच करायच्या. हा मागून नुसता ओरडायचा, बरी हाय का विचार म्हणून.” गारोळ्यांची बायको जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. त्यानंतर त्यांच्या घरी आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं.

“हे बंद कर,” पठाणभाई म्हणाले. “दुसऱ्या कुणी बघायच्या आधी.”

मी त्या नोंदी फक्त त्यांना दिसतील अशा करून ठेवल्या. त्यांना काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत गारोळे डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. आधी कधी आले नव्हते. बराच वेळ भाकरी मोडत राहिले.

“तुमची पोरगी परभणीला हाय ना शिकायला?”

“हो.”

“फोनवर काय बोलता तुमी तिच्यासंगं?”

“काही ठरवून नाही बोलत. काहीबाही.”

“तसं न्हाई. सुरुवात काय करता?”

मी विचार केला. “आज काय जेवलीस, विचारतो.”

“मंग ती काय म्हन्ते?”

“सांगते, वांग्याची भाजी. मग मेसवाल्याला शिव्या देते. मग मीही देतो.”

गारोळे हातातला घास तसाच धरून बसले.

“मला तर मीराला वांगं आवडते का न्हाई तेबी म्हाईत न्हाई,” ते म्हणाले.

“मग तेच विचारा की.”

“इतक्या वर्षांनी? काय म्हनंल ती?”

मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्या डब्यात वाढली.