एक शाल कमी पडली

“मला दर्शक? मी प्राचार्य असून दर्शक?”

रामकिसन सरांनी आपला मोबाइल सुमेधा मॅडमच्या टेबलावर असा ठेवला, जणू त्यात मेलेली पाल होती. भोकरदनच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयाचे सारे दप्तर, म्हणजे हजेरी, दाखले, गुण, नुकतेच क्लाऊडवर चढले होते; आणि त्यात कुणाला काय करता येईल हे ठरवण्याचे काम संगणक शिकवणाऱ्या सुमेधाकडे आले होते. तिने ते निर्मळ मनाने केले, एवढीच तिची चूक. ज्याला गुण भरायचे तो संपादक, ज्याला नुसते पाहायचे तो दर्शक, आणि परवानग्या देणारी-काढणारी मालक एकच : ती स्वतः.

“सर, तुम्हाला सगळं दिसतंय की. बदल करायचं काम तुम्हाला पडतच न्हाई.”

“दिसायला काय, मला चंद्रबी दिसतो! मंग मी काय चंद्राचा प्राचार्य झालो का?”

गाऱ्हाणे संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत, काकासाहेबांपर्यंत गेले. तेही दर्शकच निघाले. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांच्या आवाजाला चढायची सवयच नव्हती, इतर लोक आधीच खाली उतरत.

“मॅडम, जागा माझी, इमारत माझी, अन् आत जायला तुमची परवानगी लागून राह्यली? तुमची नेमणूक अजून तात्पुरतीच हाय ना?”

प्रश्न तिथेच मिटला. काकासाहेब मालक झाले, पाठोपाठ रामकिसन सर झाले. मग इतिहासाच्या प्रितम सरांना झोप येईना. मग क्रीडाशिक्षकांना. लग्नात फेटा न मिळालेला पाहुणा जसा मांडवाच्या खांबाशी उभा राहतो, तसा एकेक जण सुमेधाच्या दाराशी उभा राहू लागला. अखेर काकासाहेबांनी स्नेहसंमेलनात, माईकवरून, शाल-श्रीफळ देऊन साऱ्यांना मालकी वाटून टाकली. निवृत्त उपप्राचार्य सिराजोद्दीन सरांपाशी येईतो शाली संपल्या. क्षणभर मंच ओशाळला.

“सिराजोद्दीन सरांना,” काकासाहेब तत्परतेने म्हणाले, “आपण शालीच्या जागी मालकीच देऊ!”

टाळ्या झाल्या. सुमेधाने मंचामागे बसून तेही नाव चढवले. फुकटचा सन्मान म्हणून तो कुणाच्याही लक्षात राहिला नाही.

अधिकार मिळालेल्या माणसाला प्रथम आठवतो तो ज्याच्याकडून अधिकार काढून घ्यायचा आहे तो माणूस. गुणांची फाइल कुणी उघडली नाही. मालकांची यादी मात्र सतत उघडी राहू लागली. प्रितम सरांनी क्रीडाशिक्षकांना उतरवले, क्रीडाशिक्षकांचे मित्र प्रितम सरांवर धावून गेले, आणि आकाशातल्या त्या अदृश्य महालात पायऱ्यांवरून माणसे ढकलली जाऊ लागली. काकासाहेबांना वेगळीच सल होती : आपल्या बरोबरीला एवढे मालक कशाला? त्यांच्या हुकुमावरून रामकिसन सरांनी डोळ्यांत सलणारी सारी नावे उतरवली, सुमेधाचे आधी. ही निष्ठा पाहून काकासाहेबांनी स्वतःच्या बोटाने रामकिसन सरांना उतरवले.

मग त्यांचे लक्ष स्वतःच्या नावाकडे गेले.

“रामकिसन, नावाआधी ‘माननीय’ न्हाई.”

“काढून नव्यानं टाकू, साहेब. बराबर मानानं.”

यंत्राने विचारले : खात्री आहे का?

“हे मला विचारून राह्यलं?” म्हणत काकासाहेबांनी बोट दाबले, आणि ते आपल्याच महालाच्या बाहेर उभे राहिले. नव्याने टाकायला आत कुणी उरले नाही, असेच साऱ्यांना वाटले.

दुर्दैव असे, की बारावीच्या प्रात्यक्षिकांचे गुण मंडळाकडे पाठवण्याचा तो शेवटचा दिवस होता.

“न्हाई गेले तर खुलासा तुमच्याकडूनच मागवावा लागंल, मॅडम,” रामकिसन सर म्हणाले. “जबाबदारी तुमच्या नावावर हाय. नेमणुकीचंबी मंग अवघडच.”

सुमेधाला रडू आले. पण त्याआधी विचार आला. “सर, शेवटच्या मालकाला यंत्र बाहेर पडूच देत न्हाई. साहेबांना जाऊ दिलं, म्हणजे आत अजून कुणीतरी हाय.”

सारे एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. सुमेधाला हळूच ती संपलेली शाल आठवली.

सुमेधाला घेऊन काकासाहेबांची गाडी सिराजोद्दीन सरांच्या गावी, धावड्याला पोचली तेव्हा सर ओट्यावर मिरच्यांची देठे खुडत बसले होते. निवृत्तीनंतर ते रोज वर्तमानपत्र वाचायला कॉलेजच्या ग्रंथालयात येत; बाहेरच्या माणसाला लेखी परवानगी हवी, असे काकासाहेबांनी त्यांना कळवले होते. त्यांनी अर्ज दिला होता. तो विचाराधीन होता.

“आओ साहेब! आज इकडं कसं?”

सुमेधाने सारे सांगितले. सरांनी चष्मा मागवला, मोबाइल उघडला आणि वाचू लागले.

“सकाळपासून हे वाजून राह्यलं, मला वाटलं जाहिराती. ‘काकासाहेब आपल्याकडे प्रवेशाची परवानगी मागत आहेत.’ हे एक. ‘काकासाहेब आपल्याकडे...’ हे दुसरं. अरे वा, साहेब, तुम्ही तर दमच न्हाई घेतला!”

“ते दार उघडंना म्हणून दाबून राह्यलो होतो,” काकासाहेब पुटपुटले.

“मिळाला तुमचा अर्ज. विचाराधीन ठेवतो.”

“सर, गुण...” सुमेधा मध्येच म्हणाली.

“तुझं काम हाय, बेटी, तुला थांबवत न्हाई. सांग, कुठं दाबू?” त्यांनी तिला मालक केले, काकासाहेबांना आणि रामकिसन सरांना दर्शक. “सगळं दिसंल तुम्हाला,” ते प्रेमाने म्हणाले.

गुण तिथूनच, ओट्यावरूनच गेले. चहा झाला. निघताना सरांनी कागदात मिरच्या बांधून दिल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत काकासाहेबांचा आवाज लोण्यासारखा झाला होता. “मॅडम, तुमच्या कायम नेमणुकीचं उद्याच बघू. फक्त आमचं तेवढं...”

“अर्ज द्या, साहेब,” सुमेधा म्हणाली. या वाक्याची चव तिला इतकी आवडली, की तिने ते मनात पुन्हा एकदा म्हटले.

दोन्ही बाजूंची शेते काळवंडत होती. मांडीवर मिरच्यांची पुडी, हातात मोबाइल. यादीत आता मालक दोनच होते. एका दप्तराला एकच मालक असावा, हे तर तिचे पहिल्यापासूनचे मत. यंत्राने विचारले : खात्री आहे का? तिने प्रश्न शेवटपर्यंत न वाचताच सिराजोद्दीन सरांचे नाव उतरवले.

धावड्यात ओट्यावर मोबाइल पुन्हा वाजला.

“काय आलं जी?” आतून त्यांच्या पत्नी गौहरबींनी विचारले.

सरांनी चष्मा लावून वाचले, आणि उरलेल्या मिरच्या पुढ्यात ओढल्या.

“कुछ न्हाई. सुमेधा मॅडम मालक झाल्या.”