तीन किलो सातशे नव्वद ग्रॅमचा मालक

"नव्वद किलो नऊशे!" विजया सिस्टरनी आकडा अशा आवाजात सांगितला, की बाकांवरच्या अकरा गरोदर बायका, त्यांच्या सोबत आलेल्या सासवा आणि दाराशी स्टूल टाकून बसलेला गार्ड, सगळ्यांनी मान वळवून नूतनकडे पाहिलं. नूतन काट्यावरून उतरली आणि पुन्हा चढली. काटा आपल्या मतावर ठाम होता.

"सिस्टर, पंधरा दिवसांमागं शहाऐंशी चारशे होतं. पंधरा दिवसांत साडेचार किलो?"

"ते मले नको विचारू. तुह्या तोंडाले विचार." सिस्टर दुर्गच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. बाकीच्या पेशंटना त्या हिंदीत रागवत; नूतन मराठी म्हणून तिला घरच्यासारखं रागवत. त्यांनी फायलीवर लाल पेनने आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आत मॅडमनी त्या दोन रेघा पाहिल्या. मॅडम वाईट डॉक्टर नव्हत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी नूतनला नीट समजावलं होतं, की सुरुवातीलाच ब्याऐंशी किलो असल्यामुळे नऊ महिन्यांत मिळून पाच ते नऊ किलोच वाढायला हवेत. उपास करायचा नाही आणि दोन माणसांचं जेवायचंही नाही. कुम्हारीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नूतनने हे एखाद्या प्रयोगासारखं मनावर घेतलं. ज्वारीची भाकरी, डाळ, लाल माठाची भाजी, दही, पेरू आणि संध्याकाळी क्वार्टरच्या रस्त्यांवर अर्धा तास चालणं. रोजची नोंद फ्रिजवर चिकटवलेली असे.

"इतनी जल्दी इतना वजन ठीक नहीं है नूतन," मॅडम म्हणाल्या. "आगे बीपी बढ़ा तो? मेरे यहाँ आईसीयू नहीं है. डिलीवरी रायपुर में कराओ. परसों आके चिट्ठी ले जाना."

नूतनच्या डोळ्यांसमोर रायपूर आलंच नाही. तिच्या डोळ्यांसमोर रायपूरच्या वाटेवरची कुम्हारी आली. त्या रस्त्याने ती रोज बसने जात होती. एकदा तिथे दोन ट्रक आडवे झाले तेव्हा बसमधल्या एका माणसाची दाढी वाढलेली तिने स्वतः पाहिली होती. घरापासून दहा मिनिटांवरचं हे नर्सिंग होम सोडून, कळा सुरू झाल्यावर आपण त्या रस्त्यावर? तिने ठरवलं, चिट्ठी घ्यायची नाही.

घरी पोचल्यावर तिने सासूला आणि नवऱ्याला समोर बसवलं आणि हातात पेन्सिल घेतली.

"मी लपून काही खाल्लं नाही. मले कोणावर आळ घ्यायचा नाही, फक्त आकडे पाहिजे. कोणी काही केलं असन तर सांगा."

प्रफुल पंख्याकडे पाहू लागला. राधाबाईंनी पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.

"डाळीत तूप सोडत होती मी," त्या शेवटी म्हणाल्या. "रोज दोन चमचे. तुले दिसू नये म्हणून फोडणीतच टाकत होती."

"कावून, आई?"

"कावून म्हंजे? पोटात लेकरू आहे, अन् तू त्याले पालापाचोळा खाऊन वाढवून राहिली! मी डोळे फोडून पाहत बसू?"

नूतनने कागदावर लिहिलं. "दोन चमचे म्हंजे दहा ग्रॅम. पंधरा दिवसांचे दीडशे ग्रॅम. नऊ कॅलरीच्या हिशेबानं साडेतेराशे." तिने भागाकार केला. "आई, तुमचा गुन्हा फार तर एकशे ऐंशी ग्रॅमचा आहे."

"एवढासाच?" राधाबाईंचा चेहरा उतरला. पंधरा दिवस जीव मुठीत धरून केलेल्या चोरीचं एवढंसं फळ त्यांना अपमानास्पद वाटलं. "नीट कर वो गणित."

"दोनदा केलं. आता तुमी बोला."

"मंगलवारचा समोसा," प्रफुल म्हणाला. "पण तूच म्हणाली होती का एक घास दे म्हणून. घास बडा हो गया, अब मैं क्या करूँ?"

"तीस ग्रॅम. अन् पंधरा दिवसांत व्हायलाच पाहिजे ती वाढ, मॅडमनं सांगितलेली, पाचशे. एकूण सातशे दहा." नूतनने वजाबाकी करून कागद त्यांच्याकडे वळवला. "तीन किलो सातशे नव्वद ग्रॅम उरले. यांचा मालक कोण?"

"पानी असन अंगात," राधाबाई म्हणाल्या.

"पाय सुजले नाहीत. बीपी एकशे सोळा-चौऱ्याहत्तर. लघवी साफ, शुगर बराबर. चार तपासण्या एक गोष्ट सांगून राहिल्या, अन् काटा एकटाच दुसरी."

"पण मशीन झूठ कावून बोलन?" प्रफुल म्हणाला. तो पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलवर होता आणि मशीनबद्दल त्याला मनापासून आदर होता.

"खोटं नाही बोलत. चुकते. मी रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तराजू तपासते का नाही? त्या काट्याले कोणी तपासलं?"

तपासायचं कशाने, हा मात्र प्रश्न होता. प्रयोगशाळेतलं सगळ्यात मोठं प्रमाणवजन दोनशे ग्रॅमचं. त्याने सोनं तपासता येतं, सून नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायांनी, म्हणजे गुड्डूच्या खांद्यावरून, घरात आलं. गुड्डू गॅसचा सिलिंडर घेऊन आला होता. राधाबाई कधीही सिलिंडर न मोजता घेत नसत. गुड्डूने सवयीने हूकचा काटा काढला, सिलिंडर उचलून दाखवला. सिलिंडरवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन पंधरा किलो आठशे, आतला गॅस चौदा किलो दोनशे. काट्यावर बरोबर तीस.

"पुन्हा धर. हलून राहिला," राधाबाई म्हणाल्या. गुड्डूने पुन्हा धरला. तीस.

नूतन दारात उभी राहून हे पाहत होती. "आई," ती म्हणाली, "गुड्डूवर तुमचा शंभर ग्रॅमचा भरोसा नाही. अन् त्या दवाखान्याच्या काट्यानं तुमच्या सुनेवर चार किलो टाकले, ते तुमी डोळे मिटून घेतले?"

राधाबाईंनी तिसऱ्यांदा मोजायला न लावताच गुड्डूला पैसे दिले. ही घटना त्या घरात नवीन होती.

"गुड्डू, आत नको नेऊ. दारातच ठेव. उद्या त्याले दवाखान्यात न्यायचं आहे."

दुसऱ्या दिवशी प्रफुलची प्लांटमध्ये सकाळची पाळी होती, म्हणून राधाबाई सोबत निघाल्या. "मी येऊन राहिली ते तुह्यासाठी नाही," त्यांनी स्पष्ट केलं. "माह्या सिलिंडरसाठी."

रिक्षावाला हेमराज जवळच्याच कुरुदचा. त्याने आधी नूतनच्या पोटाकडे पाहिलं, मग सिलिंडरकडे. "दीदी, धीरे किसके लिए चलाऊँ? आपके लिए कि टंकी के लिए?" आणि त्याने रिक्षा इतकी सांभाळून चालवली, की वाटेत एक म्हातारा सायकलवरून त्यांना मागे टाकून गेला.

हेमराजने नर्सिंग होमच्या गेटवर सिलिंडर उतरवला, तसा गार्ड स्टूलवरून उठला. त्या नोकरीत त्याला उठण्याचा प्रसंग क्वचित येई.

"ये अंदर नहीं जाएगा. अंदर ऑक्सीजन रखा है."

"बिलकुल सही," नूतन म्हणाली. नियम योग्य असला की ती वाद घालत नसे. "तो काँटा बाहर ले आओ."

खिडकीमागच्या मुलीने मान खालीच ठेवून रजिस्टर पुढे ओढलं. "वजन कराना है? नाम बताइए. कौन-सा महीना?"

"टंकी का? कल ही भरी आई है," हेमराजने माहिती दिली.

गडबड ऐकून विजया सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी सिलिंडर पाहिला, नूतन पाहिली, आणि कंबरेवर हात ठेवले. "डोक्यावर परिणाम झाला का तुह्या? चिट्ठी घ्यायला बोलावलं होतं, गॅस घेऊन यायला नाही."

"सिस्टर, हा तीस किलोचा आहे. काल दोनदा मोजला. तुमच्या काट्यावर ठेवा. तीस निघाला तर मी चिट्ठी घेऊन चालली जाईन, एक शब्द नाही बोलणार."

"पाहा वो बाई! स्वतः खायचं अन् काट्याले दोष द्यायचा. सगळ्या जाड बाया हेच म्हणतात, का काटा खराब आहे."

नूतनचे कान तापले. गेल्या सहा महिन्यांत हा शब्द तिच्या पाठीमागे पुष्कळदा आला होता. समोरून आज पहिल्यांदा येत होता, आणि समोरून आलेल्या गोष्टीला तोंड देता येतं.

"हो, जाड आहे मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "शाळेत होती, लग्नात होती, उद्याही असन. पण जाड असणं वेगळं अन् खोटारडं असणं वेगळं. माह्या अंगाचा एक एक ग्रॅम मी मोजून घ्यायला तयार आहे, पण बरोबर मोजा. तवापर्यंत मी इथून हलणार नाही."

आणि ती गेटच्या मधोमध सिलिंडरवर बसली. सिलिंडर ही बसायची वस्तू नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं. वरची लोखंडी कडी भलत्या ठिकाणी रुतत होती. पण एवढं बोलल्यावर लगेच उठणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती ताठ बसून राहिली.

"उठ ना पोरी, माहा सिलिंडर वाकन," राधाबाई कानाशी पुटपुटल्या. मग सिस्टरकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "कावून हो, आणत का नाही तुमचा काटा? भीती वाटते काय?"

"ले आओ ना सिस्टर, देख लेते हैं," बाकावरून एकीने म्हटलं. "हाँ, मुझे भी छह किलो बताया था," दुसरी म्हणाली. तिसरी सरळ उठली आणि तिने काट्याला हात घातला. सिस्टर "ए, ए" करेपर्यंत दोन सासवांनी काटा बाहेर पोर्चमध्ये आणून ठेवला. हेमराजने सिलिंडर उचलला आणि अलगद वर ठेवला.

आकडे पळाले, रेंगाळले, थांबले. तेहतीस किलो आठशे.

नूतनने मनातल्या मनात तीस वजा केले. तीन किलो आठशे. दहा ग्रॅमचा फरक तिने काट्याला माफ केला.

"पुन्हा ठेव," राधाबाई म्हणाल्या. हेमराजने पुन्हा ठेवला. तेहतीस आठशे.

"जुना काटा मागच्या आठवड्यात बंद पडला," सिस्टरचा आवाज प्रथमच पोर्चबाहेर गेला नाही. "हा वरच्या स्टोअरमधून काढला होता. मले काय माहीत?"

मग जो गोंगाट झाला तो एखाद्या लग्नात शोभला असता. प्रत्येकीचे एका फटक्यात जवळजवळ चार किलो उतरले होते. एकीने तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि "अब बोलो!" एवढंच म्हणून बंद केला. फक्त खांबाजवळची एक किरकोळ पोरगी हसत नव्हती. हर्षा तिचं नाव, कुरुदची, सातवा महिना. परवाच तिला सिस्टरनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती, की पाहा, हिचं कसं छान वाढतंय.

"सिस्टर," तिने विचारलं, "फिर मेरा कितना हुआ?"

सिस्टरनी तिची फाईल उघडली, पंचेचाळीसमधून वजाबाकी केली, आणि एक्केचाळीस दोनशेवर बोटं थांबली.

मॅडम केव्हा बाहेर आल्या ते कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, सिस्टरच्या बोटांकडे पाहिलं आणि थेट हर्षाचा हात धरला. "तू अंदर चल. पहले तू. विजया, पिछले हफ्ते की सारी फाइलें निकालो. एक-एक को फोन करो, आज ही."

राधाबाई विचारल्याशिवाय त्यांच्या मागोमाग आत गेल्या. "मॅडम, इसको घी चलेगा क्या?"

"इसको? रोज दो चम्मच."

राधाबाईंनी दारातून नूतनकडे असं पाहिलं, जणू वैद्यकशास्त्र अखेर त्यांच्या बाजूने आलं होतं. हर्षा कुरुदमध्ये कोणत्या गल्लीत राहते, हे विचारायला त्यांनी अर्धं मिनिटही लावलं नाही.

नूतनची पाळी आली तेव्हा मॅडमनी लाल आकडा खोडून सत्त्याऐंशी किलो शंभर लिहिलं. "सात सौ ग्राम बढ़ा है. मैंने पाँच सौ कहा था."

"दो सौ दस का हिसाब मेरे पास है, मॅडम. एक सौ अस्सी की मुजरिम बाहर खड़ी है. तीस वाला ड्यूटी पर है."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी टेबलावरची रायपूरची चिट्ठी चौघडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "यहीं आना. लेकिन चलना बंद नहीं करोगी, और शुगर फिर से चेक होगी. समझी?"

"समझी. और काँटा?"

"नया आएगा."

"आल्यावर पहिल्या दिवशी मले बोलवा," नूतन म्हणाली. मॅडमना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली.

रिक्षा गेटबाहेर पडताना नूतनने सहज मागे पाहिलं. पोर्च रिकामा झाला होता. मॅडमनी इकडेतिकडे बघून चपला काढल्या, काट्यावर चढल्या, श्वास रोखून खाली वाकल्या. शेजारी विजया सिस्टर बोटांवर वजाबाकी करत होत्या. मग मॅडमनी एक मोठा श्वास सोडला आणि गार्डला हाक मारली, "जाओ, सामने से दो प्लेट जलेबी ले आओ. हफ्ते भर से लौकी खा रही हूँ मैं!"