सान लिबोरिओ परगण्याच्या फत्तेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक शुद्ध सप्तमी, बुधवार, मुक्काम निशी-कसाई, मुलूख जपान. ते दिवशी शाळेत जे रण माजले, त्याची हकीकत पदरचे मीठमिरची न लावता लिहितो. थोडे लागलेच तर वाचणारांनी पोटात घालावे.

राजश्री रविकांतपंत, पुणे प्रांतीचे, संगणकाचे चाकरीत जपानी कंत्राटावर रुजू. त्यांची कन्या चिरंजीव नुपूर, वय वर्षे नऊ, इयत्ता चौथी. एप्रिलमाही जपानी शाळेत दाखल झाली आणि ते दिवसापासून वर्गात तिने तोंड म्हणून उघडले नाही. घरात बडबडीने छप्पर उडवी आणि वर्गाची चौकट ओलांडिली की जीभ टाळूस चिकटे. पोर आतल्या आत कुढते, हे मातोश्री अनघाबाईंस दिसे आणि त्यांचा जीव तिळतिळ तुटे.

अशात वर्गशिक्षिका हायाशी-सेन्सेई यांचे फर्मान सुटले की, प्रत्येकाने चिठ्ठी उचलावी आणि निघेल त्या गावाचा भूगोल व लोकसंख्या आईबापांसमक्ष उभे राहून सांगावी. नुपूरचे चिठ्ठीत मध्य अमेरिकेतील होंडुरास मुलखीचा सान लिबोरिओ परगणा निघाला. उत्तरेस डोंगर, मधोमध नदी, उतारास कॉफीचे मळे, माथ्यास पाइनचे रान, कसबा एक, मौजे आठ, खानेसुमारी चार हजार तीनशे अठरा माणूस. पोरीने सारा मजकूर दोन दिवसांत मुखोद्गत केला आणि तिसरे दिवशी रडू लागली की, मी उभी राहणार आणि तोंडातून शब्द निघणार नाही.

मग पंतांस स्फुरण चढले. हुकूम केला की, कागदी नकाशा कोणीही काढील. आपण परगणा साक्षात उभा करू, म्हणजे पोरीस फार बोलावेच लागणार नाही. बागेतील माती उचलण्यास मनाई, सबब पंत जातीने सायकलवर दुकानी गेले आणि मातीच्या पिशव्या आणिल्या आणि बाल्कनीत फळीवर डोंगर रचला आणि नदीस निळा कागद अंथरिला आणि पाइनचे रानाकरिता मोहरी पेरिली. येथवर ठीक. परंतु दिवाळी नुकतीच सरलेली, हात पुणेरी आणि तो कोपरापर्यंत मातीत! थांबतो कशाचा? डोंगरमाथा दिसताच आपसूक तट उठला, मग पाच बुरूज, मग महादरवाजा, मग चोरवाट. आणि रयत पाहिजे म्हणून घरातले मातीचे अकरा मावळे, ढालतलवारींसुद्धा, कॉफीचे मळ्यात उभे केले.

अनघाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे रवी, तिथं चर्च आहे. किल्ला कुठून आणलास?"

"डोंगर आहे ना? मग किल्ला असणारच," पंत उत्तरले आणि बुरुजावर झेंडा रोविला. आता या माणसास काय म्हणावे!

बुधवारी परगणा सायकलीवर बांधून शाळेत नेला. आईबाप मागील भिंतीस ओळीने उभे. नुपूर पुढे आली, मान खाली, ओठ मिटलेले. अनघाबाईंनी पंतांचा दंड असा आवळिला की वळ उठले. तेव्हा सेन्सेईंनी कळवळून पुसले की, हे शिपाई कोणत्या शत्रूवर पहारा करितात? मग सेन्सेई स्वतःच फळ्यावर लिहू लागल्या की, सान लिबोरिओ, किल्ला एक, सैनिक अकरा. आणि एकतीस पोरे माना खाली घालून ते वहीत उतरू लागली.

"चिगाइमास!" नुपूर कडाडली. म्हणजे, साफ चूक!

आणि एकदा बांध फुटला तो फुटलाच. जपानीत जाहीर केले की, किल्ला तेथला नाही, आमचा आहे, दिवाळीत आम्ही मुले करितो, बाबांना सवय आहे म्हणून त्यांनी केला. तेथे कोणी तलवार घेऊन फिरत नाही, माणसे चार हजार तीनशे अठरा, बहुतेक कॉफी पिकवितात. आणि बोलता बोलता स्वहस्ते महादरवाजा पाडिला, मग पाचही बुरूज एकामागून एक, आणि मावळे कैद करून कंपासपेटीत घातले. घंटा झाली तरी स्वारी नदीच्या उगमापाशीच होती. पोरे हात वर करकरून प्रश्न विचारीत होती आणि ही उत्तरे देत होती. चार दिवस खपून बांधिलेला किल्ला लेकीने जमीनदोस्त केला, आणि पंत भिंतीशी उभे राहून ढसाढसा रडले, आनंद पोटात मावेना.

येणेप्रमाणे परगणा फत्ते जाहला. पडझड: तट एक, बुरूज पाच, महादरवाजा एक. जखमी: पंतांचा दंड. परतताना नुपूर सारी वाट जपानीत बोलत होती, पंतांस निम्मे कळेना, तरी "हो का? मग?" म्हणत सायकल हाती धरून चालले, आणि घर आले तेव्हा मुद्दाम इमारतीस आणखी एक वळसा घातला. विजयाची तिथी वर नोंदली आहे. मोहीम संपल्याची वेळ मात्र लिहिता येत नाही, कारण बोलणे अद्याप चालू आहे.