शरीफाखाला आन खोक्यातलं दूध

शरीफाखालाच्या घरी कुणी गेलं की ती आधी बस म्हणत न्हाई, अंगठा पुढं कर म्हणते. मग तुमच्या नखावर दुधाचा एक थेंब सोडायचा, बोट तिरकं धरायचं आन बगायचं, थेंब पळतो का बसतो. बसला तर दूध खरं. पळाला तर ज्यानं घातलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी लगीन करून कवठे महांकाळला आले तवा मला वाटलं, नव्या नवरीची हितली रीत असंल, म्हणून मी दोन्ही अंगठे पुढं केले.

खाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहाती. एकटीच. खालू, म्हंजे तिचा नवरा, जाऊन लय वर्सं झाली, पोरबाळ झालं न्हाई. घरात ती आन तिची म्हस, बेगम. निम्मी गल्ली बेगमचंच दूध घेती, पण खाला दुसऱ्याच्या दुधाला बी सोडत न्हाई. एकदा गल्लीतली एक म्हातारी गेली, त्या मयताच्या घरी चहा आला. समद्या बाया तोंडाला पदर लावून बसल्याल्या, आन खाला घोट घिऊन माझ्या कानात म्हणती, "पाणी हाय गं. मेलेल्याच्या दारात तरी असं करू न्हाई." मला आलं हसू, ते दाबाया मी मोठ्यानं रडले, तर लोकं म्हणाली, पोरीचा लय जीव व्हता म्हातारीवर.

आता माझं सांगते. माझा सिद्धू वर्साचा झाला न झाला तवर त्याला जुलाब लागलं. सांगलीला दवाखान्यात ठिवला, सलाईन लावलं, एवढासा हात आन त्यात सुई. बरा हून घरी आला, पण मी तवापासनं भ्यालेलीच. माझं दूध आटलं व्हतं, डॉक्टर म्हणालं वरचं द्या, पण नीट उकळून, भांडी स्वच्छ ठिवून. मी इतकं उकळायची की निम्मं दूध पातेल्याच्या बुडालाच चिकटायचं. मी सातवी शिकल्याली, जंतू पुस्तकात चित्रात बगितल्यालं, आता ते चित्र मला समदीकडं दिसाया लागलं, वाटीत, चमच्यात, पाव्हण्यांच्या हातावर बी. पोराला कुणाला हात लावू द्यायची न्हाई मी. खालाला बी न्हाई. ती दारातनंच बगून जायची.

आमचं मालक टेम्पोवर हायेत. पाचगणीला माल टाकाया गेलं आन येताना खोक्यातलं दूध घिऊन आलं. दुकानदारानं सांगितल्यालं, मशीनीत गाळून, कडक तापवून भरल्यालं असतंय, महिना महिना टिकतंय, फ्रिज बी लागत न्हाई. फ्रिज तर आमच्या गल्लीत कुणाकडंच न्हवता. मला वाटलं, सुटले बया मी.

खालाला सांगावं का नगं हा इचार करतीया तवर ती आलीच. खोकं उचललं, हलवलं, कानाला लावलं.

"ह्याची म्हस कोण?"

मी म्हणलं, असंल कुठली तरी.

"कुठली तरी," खाला म्हणाली. "बेगमला कुणी असं म्हणलं तर मी त्याच्या घरचं पाणी पिणार न्हाई."

मग तिनं तपासणी मांडली. बेगमचं दूध फडक्यातनं गाळलं, आमची मशीन ही, म्हणाली. दोन पातेल्यात दोन दुधं तापवली, शेजारी शेजारी निवत ठिवली. बेगमच्या दुधावर भाकरीवानी साय धरली. खोक्यातलं आपलं कोरं ते कोरंच. खाला त्याच्याकडं अशी बगत बसली जसं काय रुसल्याल्या सुनंला बोलतं करायचं हाय. शेवटाला म्हणाली, साय न्हाई, म्हंजे ह्याला घरचं वळण न्हाई.

मग दोन्हीला इरजण लावलं. सकाळी बेगमचं दही सुरीनं कापावं असं, खोक्यातलं जरा पातळ, पण लागल्यालं. मला वाटलं आता नावं ठिवणार. खालानं दोन बोटं चाटली, डोळं मिटलं, परत चाटलं. "गोड हाय," म्हणाली, "खोटं कशाला बोलू," आन गेली. त्या दिशी म्हशीसंगं बी धड बोलली न्हाई.

आन त्यातच मी घोटाळा केला. महिना टिकतंय म्हणल्यावर मी एक खोकं कात्रीनं फोडलं, लागंल तसं वतून घेतलं आन उरल्यालं तसंच फळीवर ठिवलं. दुसऱ्या दिशी त्यातलंच वाटीत घिऊन सिद्धूला पाजाया बसले, तर खाला दारातनं म्हणाली, थांब. वास घेतला आन वाटी मोरीत वतली. माझ्याच हातानं मी पोराला काय पाजत व्हते. खाला वरडली न्हाई.

"बंद हाय तवर ते राजा," म्हणाली. "वारं लागलं की ते बी आपल्यावानीच."

मग मी तो नादच सोडला आन बेगमचं दूध चालू केलं. सिद्धूनं अंग धरलं, गालावर जरा जरा मांस चढलं.

तर एका सकाळी खालाचं दूध आलंच न्हाई. मी बगाया गेले, दाराला कडी. बेगमची धार काढल्याली दिसत व्हती, आन मोरीपाशी माती पांढरी फेक. समदं दूध वतून दिल्यालं. मला वाटलं, माझ्यावर रागावली, परवा मी शेजारणीपाशी खोक्याच्या दह्याची तारीफ केल्याली तिच्या कानावर गेली असंल. सिद्धू भुकंनं रडतोय, त्याला पेज चारत मी उंबऱ्यावर बसले. दुसरीकडचं दूध आणायचं धाडस व्हईना. खालाशिवाय कुणाच्या दुधावर माझा भरवसाच न्हवता.

दुपार व्हता व्हता खाला यष्टीतनं उतरून आली. घामानं भिजल्याली. पदराखालनं तिनं दुधाची खोकी काढली आन माझ्यापुढं ठिवली. मिरजेला गेल्याली, हितं कुठल्या दुकानात मिळत न्हाईत म्हणून. डोळ्याचं आपरेशन करायचंय तरी बेगमला सोडून मिरजेला जात न्हाई ती बाई.

बेगमची कास सुजल्याली. काल सांजच्याला जनावराच्या डॉक्टरनं सुई दिली, चार दिस दूध कुणाला घालू नगा म्हणाला. गल्लीत दोघी तिघी म्हणाल्या, उकळून घेतो की आमी, काय हुतंय. खालानं कुणाला थेंब दिला न्हाई.

मी म्हणलं, आवं खाला, मग मला रातीच सांगायचं न्हाई व्हय?

"तू झोपली असतीस का?" ती म्हणाली. "आधी दूध आणलं, आता सांगितलं. चल, पातेलं ठेव."

मी खोकं फोडलं, दूध उकळलं, निवलं. मग मला काय वाटलं कुणास ठावं, मी सिद्धूला उचलला आन खालाच्या मांडीवर ठिवला. तिनं हात पदराला पुसलं, परत पुसलं, आन काठोकाठ भरल्याली घागर धरावी तसं त्याला धरलं. एक एक चमचा पाजला. पोरगं पिता पिताच झोपी गेलं.

भायेर बेगम वैरणीसाठी हंबराया लागली. एरवी तिचा आवाज आला की खाला तोंडातला घास टाकून उठती. मी पोराला घ्यायला हात पुढं केले.

"राहू दे," खाला म्हणाली, हळूच, पोरगं जागं व्हईल म्हणून. "तिला म्हणावं, थांब जरा."